बाभळीच्या काट्यावरचा बेडूक

फार मागची गोष्ट. त्या सकाळी इतकं धुकं होतं, की शेजारचं झाड दिसेना. धुकं विरलं तेव्हा बाभळीच्या काट्यावर मेलेला बेडूक दिसला. रानातले पंच जमले.

"काटा तुझा, रक्त ओलं. खून तूच केलास!"

"अहो, कितीदा सांगू? मला जागचं हलता येत नाही. त्याला वर आणला कोणी, ते तरी विचारा!"

कुणी विचारलं नाही. शिकार काट्याला टांगून ठेवणारा खाटीक पक्षी शेंड्यावर बसून ऐकत होता. पंचांनी बाभळीच्या मुळांत वाळवी सोडली.

आठवड्यानं बाभूळ कलली. त्याच सकाळी शेजारच्या बोरीच्या काट्यावर सरडा लटकत होता, आणि पंच तिकडं निघाले होते. बोर बाभळीला म्हणाली, "ताई, त्या दिवशी मीपण मान डोलावली होती गं."