अंगाई नसलेलं गाव

फार पूर्वी एका देवराईला लागून एक गाव होतं. तिन्हीसांजेला राईतली पाखरं अशी काही गायची, की पाळण्यातली पोरं आपोआप पेंगायची. त्यामुळे त्या गावात अंगाई कुणाला येतच नव्हती. आयांची चंगळच होती म्हणा ना!

एकदा दर्यापारचा एक व्यापारी पिवळ्याधमक सापांची पिल्लं घेऊन आला. विष नसलेली, करंगळीएवढी, बोटाला अंगठीसारखं वेटोळं घालणारी. सगळं गाव खुळावलं. तिथल्या रंगारणीनेही आपल्या लेकीसाठी एक घेतलं.

"बाई, हा वाढेल बरं," व्यापारी म्हणाला. "नकोसा झाला तर मी फिरून येईन तेव्हा परत नेईन. पण रानात सोडू नका."

साप वाढला. टोपलीत मावेना, मग रंगाच्या रांजणातही मावेना. त्याला रोज उंदीर तरी कुठून आणायचे? मारायला रंगारणीचा हात धजेना आणि व्यापाऱ्याची वाट बघून ती कंटाळली.

"आई, ते काका येणार आहेत ना?" लेकीने विचारलं.

"येतील तेव्हा येतील. एकच तर साप आहे गं. देवाच्या पदरात टाकू, तो बघेल."

पहाटेच्या धुक्यात तिने सापाला हळदकुंकू वाहून राईत सोडलं. पिवळी रेघ हिरव्यात विरघळली. रंगारणीला फार हलकं वाटलं. सोनाराला आणि कुंभारालाही तसंच वाटलं होतं. प्रत्येकाचा एकच तर होता.

राईतली पाखरं गावच्या धामणीला ओळखायची. ती दिसली की कलकलाट करून सगळ्यांना सावध करायची. या पिवळ्या पाहुण्याकडे मात्र ती नुसती टुकुटुकु बघत राहिली. साप त्यांची अंडी खात गेले, स्वतःची घालत गेले.

मग एका तिन्हीसांजेला राई गप्प झाली. घराघरांतून पोरं रडू लागली. रंगारणीच्या लेकीचा तर डोळ्याला डोळा लागेना.

अखेर व्यापारी आला. रंगारीण त्याला ओढतच राईत घेऊन गेली. "माझा तेवढा घेऊन जा हो!"

फांदीफांदीवर पिवळी वेटोळी लोंबत होती.

"यातला तुमचा कोणता, बाई?" व्यापाऱ्याने हळूच विचारलं.

ती या फांदीखालून त्या फांदीखाली बघत फिरली; सगळे सारखेच पिवळे.

त्या संध्याकाळी तिने लेकीला मांडीवर घेतलं आणि जमेल तसं गेलेल्या पाखरांची नावं गात राहिली. राघू, मैना, बुलबुल, तांबट. तीच त्या गावची पहिली अंगाई. पोरं आजही ती ऐकत झोपतात. झोपता झोपता विचारतात, "आई, तांबट म्हणजे काय गं?"

तात्पर्य: पाळलेला जीव रानात सोडून आपण मोकळे होत नाही, आपलं ओझं दुसऱ्याच्या घरट्यात जाऊन पडतं.