केरबाच्या गाडीचं बटण

सांगतो. एकदाच सांगतो. जेवण झालं की माणसांना झोप यावी, तर ह्या घरात सगळ्यांना गोष्ट हवी असते. त्यातही हीच. हिच्यात हसण्यासारखं काय आहे ते मला आजवर कळलेलं नाही. पण तुम्ही माझ्या खाटेवरनं उठणार नाही, म्हणून ऐका. मध्ये ‘मग काय झालं’ असं विचारायचं नाही. मग काय झालं ते मी मगच सांगणार.

एका गावात एक भोळा गडी होता. नाव दौलू. अंगानं बैल, मनानं वासरू. आईनं त्याला एकच शिकवण दिली होती, सांगितलं तेवढंच करावं. तो तेवढंच करायचा. गावातल्या शहाण्यांपेक्षा बरा म्हणायचा. ते सांगितलेलंही करत नाहीत.

हा दौलू केरबा मिस्त्रीच्या हाताखाली होता. केरबा लोकांच्या मोटारी दुरुस्त करायचा आणि त्याची स्वतःचीही एक होती. पांढरी, जुनी, पण नवरीसारखी पुसून ठेवलेली. केरबाची भाची शालन लहानपणी त्या गाडीत बाहुली घेऊन बसायची आणि खोटं खोटं सासरी जायची. तिचं खरं लग्न ठरलं तेव्हा केरबानं चारचौघांत शब्द दिला, “माझी शालन माझ्या गाडीतनंच नांदायला जाईल.”

लग्नाच्या दिवशी गाडी फुलांनी सजली. केरबानं सहज दिव्याचं बटण दाबलं. दिवे लागले नाहीत. पुन्हा दाबलं. नाहीत.

आणि हे नेमकं नवऱ्याच्या बापानं बघितलं. तो म्हणाला, “पाव्हणं, पाठवणीला सांज होणार. पुढं घाट. आंधळ्या गाडीतनं मी सून नेणार नाही. दिवे लागले तर तुमची गाडी, नाहीतर आमचा भांड्यांचा टेंपो. त्याला दिवे आहेत.”

शालन हळदीच्या अंगानं बाहेर आली. “मामा, मला परातीत बसवून पाठवू नका हं.”

“दिवे लागले न्हाईत तर मिशी उतरवीन,” केरबा म्हणाला.

केरबा कामाला मात्र पक्का. त्यानं बल्ब काढून थेट बॅटरीला लावला. लख्ख पेटला. म्हणजे बल्ब धड. फ्यूज बघितला. तोही धड. मग बटणामागच्या दोन वायरी सोडवून एकमेकींना टेकवल्या. दोन्ही दिवे लागले. वायरी लांब केल्या, दिवे गेले.

“बटण मेलंय,” केरबा म्हणाला. “दौल्या, बाजारात जा. नवं बटण आण. काळं, गोल, दणकट बघून आण.”

“बरं,” दौलू म्हणाला. आणि गेला.

तो शिंप्याकडं गेला. काळं, गोल, दणकट बटण घेऊन आला. कोटाचं.

केरबानं ते तळहातावर घेऊन उलटंपालटं केलं. “हे काय?”

“बटण.”

“अरे, ह्याला वायर कुठं जोडू?”

“भोकं आहेत की चार.”

केरबानं कपाळावर हात मारला. “शहाण्या, दाबलं की दिवा लागतो ते बटण! आधी दाबून बघायचं. दिवा लागला तरच आणायचं. कळलं?”

“कळलं,” दौलू म्हणाला. आणि गेला.

जाता जाता मांडवात त्याला भिंतीवर एक बटण दिसलं. त्यानं दाबलं. दिवा लागला. आता सांगितल्याप्रमाणे ते आणायला नको? त्यानं फळीसकट उपटलं. मांडवातला कर्णा सनई वाजवता वाजवता मधेच गप्प झाला. आत अंधाऱ्या खोलीत आचारी जिलेबी तळत होता, तो कुणाच्या तरी आईचा उद्धार करायला लागला.

“हे घ्या मिस्त्री,” दौलू म्हणाला. “दाबून बघितलं. दिवा लागतोय. वायर बी जोडलेली आहे.”

केरबानं ती फळी खाली ठेवली. मग म्हणाला, “दौल्या, दुसऱ्याच्या भिंतीवरनं काय बी उपटायचं नसतं. मोटारीच्या सामानाचं दुकान आहे ना वेशीपाशी? तिथं जायचं. मिस्त्रीनं दिव्याच्या बटणाला पाठवलंय म्हणायचं. गप उभं राहायचं. दुकानदार हातात देईल ते घ्यायचं आणि तडक इकडं यायचं. हातात देईल तेच. दुसऱ्या कशाला शिवायचं नाही.”

“बरं,” दौलू म्हणाला. आणि गेला.

तिथं गप उभा राहिला. दुकानदार भला माणूस. त्यानं बटण काढून फळीवर ठेवलं आणि म्हणाला, “लग्नघरचा माणूस तू. चहा घे आधी.” आणि चहाचा पेला त्याच्या हातात दिला.

दौलू पेला घेऊन तडक निघाला. दुकानदार मागनं हाका मारत होता. दौलूनं मागं बघितलं नाही. मागं बघायला सांगितलेलं नव्हतं.

“बटण कुठाय?” केरबानं विचारलं.

“फळीवर ठेवलंय त्यांनी. हातात ह्यो दिला. सांडू दिला न्हाई.”

केरबानं तो चहा पिऊन टाकला. दुसरं करणार काय? मग स्वतः जाऊन बटण आणलं. बॅटरीची वायर सोडली, जुनं बटण काढलं, नवं बसवलं, मागच्या वायरी आवळल्या, बॅटरी जोडली. दाबलं.

दिवे असे लागले की समोरच्या भिंतीवरची पाल पळाली. शालननं खिडकीतनं टाळी वाजवली. नवऱ्याच्या बापानं दोन्ही दिव्यांपुढं हात धरून बघितला आणि म्हणाला, “आता हरकत नाही.”

लग्न लागलं. पंगती उठल्या. सांज झाली. गाडी दारात आली, दिवे लावून. सगळे जमले. रडणारे रडायला लागले.

केरबा म्हणाला, “दौल्या, गाडीपुढं नारळ फोड.”

तेवढ्यात शेवंता आक्का पुढं झाली. ही शालनची आत्या. कोणी काय बोलावं आणि कसं बोलावं हे तिला फार कळायचं. ती कडाडली, “अगं बाई! लग्नाच्या दारात ‘फोड’ म्हणतात का? काही शुभअशुभ? नारळ वाढव म्हणावं!”

“वाढव म्हंजे काय करू, आक्का?” दौलूनं विचारलं.

“अरे, दगडावर आपटायचा जोरात. शकलं उडाली की वाढवला.”

“बरं,” दौलू म्हणाला. दगडापाशी गेला आणि एका दणक्यात नारळ वाढवला. सरळ दोन वाट्या. पाणी कोणाच्या शालूवर नाही, खोबरं मातीत नाही. जन्मात पहिल्यांदा त्यानं एक काम नीट केलं. केरबानं पाठ थोपटली. आक्का म्हणाली, “बघा, नीट शिकवलं की येतंय.”

त्या शाबासकीनंच घात केला.

शालन एकेकीच्या गळ्यात पडत होती. बायका तिला सोडेनात. ह्या गावात पोरगी सासरी जाताना जेवढा वेळ लागतो तेवढ्यात ती माघारी येऊन परत जाईल. गाडीचे दिवे आपले जळतायत. केरबा मागं पेट्या चढवत होता. शेवंता आक्काचं लक्ष सगळीकडं. ती म्हणाली, “दौलू, उगाच जळतायत. निघेपर्यंत ते दिवे वाढव बघू.”

आता ‘विझव’ म्हणायला तिची जीभ झडली असती. शुभ दिवस ना.

“बरं,” दौलू म्हणाला.

त्यानं दिवे धरून बघितले. ते काही उचलून दगडावर आपटता येईनात. म्हणून त्यानं दगड उचलला.

पहिला दिवा वाढला. मग दुसरा वाढला. शकलं उडाली.

रडणं एकदम थांबलं. केरबा पेटी टाकून धावत आला. “दौल्या! काय केलंस हे?”

“दिवे वाढवले,” दौलू म्हणाला. “आक्कांनी सांगितलं. पर बटणाला धक्का लागू दिला न्हाई, मिस्त्री. दाबून बघा.”

केरबानं दाबून बघितलं. बटण अगदी चोख होतं.

शालन टेंपोतनं गेली. हंडे, घागरी, पराती आणि मधे शालूतली नवरी. म्हणतात, पहिल्या वळणापर्यंत रडली आणि मग घाटभर हसत होती. केरबानं मिशी ठेवली. दिवे लागले होते, असं त्याचं म्हणणं.

लोक गोष्ट इथं संपवतात. संपत नाही. गाडीच्या पलीकडं भिंतीला एक सायकल टेकवलेली होती. तिला पुढं दिवा होता, कोरा करकरीत. आक्का ‘दिवे’ म्हणाली होती, किती ते म्हणाली नव्हती. दौलूनं तोही वाढवला. तो तर जळतही नव्हता.

सायकल माझी. केरबानं हात जोडले. दौलूच्या आईनं येऊन पाय धरले. दौलूनं काचा वेचून, पुडी बांधून घरी आणून दिल्या. माफी मागायची राहिली कोण? शेवंता आक्का.