काचेतल्या मुंग्या आणि बोरूचं टिंब

एका राज्यात राजा जिवंत होता आणि प्रजा त्याचं सुतक पाळत होती. हसू नका, तिथं असंच होतं. राजाचं नाव धैर्यकेतू. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तो अंगणात आला, तर दासी किंचाळत पळाल्या. सगळ्यांना त्याच्या जागी थंडगार प्रेत दिसे. त्याचा आवाज कुणाला ऐकू येईना, आणि अंगाला वास येई तो मरणाचा. वैद्यांनी नाडी पाहिली, सापडली नाही.

त्या घराण्यात देह अग्नीला देत नसत, नदीपलीकडच्या शिळेवर ठेवून येत. तसा ठेवला. राजा उठला आणि पायी घरी आला. लोक म्हणाले, कुण्या चेटक्यानं देह दारात आणून टाकला. पुन्हा नेला, पुन्हा आला. तिसऱ्या खेपेला खांदा द्यायला त्याची एकुलती लेक मंजिष्ठा होती. त्यानंतर मात्र राजा परतला नाही. शिळेवरच बसून राहिला.

दहाव्याला पिंड ठेवला. कावळा शिवेना. राज्य नीट चालवू म्हटलं, नदीला घाट बांधू म्हटलं, लेकीचं शिक्षण पुरं करू म्हटलं. कावळा आपला फांदीवर बसून मान वाकडी करून बघतोय. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे जेवायला गेले.

मंजिष्ठा मंत्रविद्येच्या महाविद्यालयात परतली. तिचं शेवटचं वर्ष होतं. तिथला नेम असा, की शेवटच्या वर्षी प्रत्येकानं एक जीव पाळायचा आणि त्याच्याकडून एक विद्या शिकायची. कुणी गरुड पाळला, कुणी पाऊस पाडणारा बेडूक. मंजिष्ठेनं दोन काचांमध्ये माती भरली आणि मुंग्या पाळल्या.

"राजकन्येला दुसरं काही मिळालं नाही वाटतं!" सोबतिणी खिदळल्या.

आचार्या भामती हसल्या नाहीत. "राणीमुंगी धरलीस का? तिच्याविना वारूळ टिकत नाही."

"धरली."

"काचेवर काळं फडकं टाक. दिवसातून घटकाभरच उचल. उजेडात त्या घर बांधत नाहीत."

मंजिष्ठेनं तसंच केलं. साखरेचं पाणी ठेवी, पाहिलेलं वहीत लिही, फडकं खाली सोडी. मुंग्यांनी बोगदे केले, कोठारं केली आणि एका कोपऱ्यात मेलेल्यांचा ढीग केला. असे महिने गेले.

वर्षश्राद्धाला तीन दिवस उरले, तेव्हा तिच्या हातून एक चूक झाली. कुंचल्यानं तिनं तो ढीग सारखा केला आणि तोच न धुतलेला कुंचला, मेलेल्यांच्या वासासकट, एका धडधाकट मुंगीला लागला. लगेच दुसरी मुंगी आली आणि तिनं त्या जिवंत मुंगीला उचललं. ती पाय झाडतेय, आणि ही तिला फरफटत ढिगावर नेऊन टाकतेय! टाकलेली उठून परत आली. पुन्हा नेली. मग टाकलेलीनं ढिगावरच बसून आपले पाय पुसले, डोकं पुसलं, मिशा पुसल्या. परत आली, तेव्हा तिला कुणी अडवलं नाही.

मंजिष्ठेच्या हातून वही पडली. तिसऱ्या खेपेला तिरडीवरचा हात हलला होता. तिनं पाहिला होता, आणि वाऱ्यानं हलला म्हणून सोडून दिला होता.

खिडकीत तोच कावळा येऊन बसला.

"उशिरा का होईना, कळलं म्हणायचं," कावळा म्हणाला. "मी मेलेल्यांच्या पिंडाला शिवतो, जिवंताच्या कसा शिवू? वर्षभर फळं नेऊन देतोय त्याला. पण वर्षश्राद्धाला नव्या राजाला टिळा लागला, की तो खरंच मरेल."

"काय करू?"

"तीन कामं. तुझ्या बापाला मरण लावणारा कुंचला कुणाचा ते शोध. तो कुंचला आण. आणि मेलेल्याजवळ बस, पण त्याचं काम तू करू नकोस."

राज्यातलं जगणं-मरणं नरसोपंत चिटणीस लिहीत, म्हणून पहिल्या दिवशी ती त्यांच्याकडे गेली. म्हाताऱ्यानं वंशावळीची गुंडाळी उलगडली.

"पंत, आबासाहेबांचं नाव वाचा."

"कै. धैर्यकेतू महाराज."

"हे कधी लिहिलंत?"

"गेल्या पाडव्याला. दर पाडव्याला जादूच्या बोरूनं वंशावळ नव्यानं..." पंत थांबले. "पाडव्याच्या पंगतीला महाराज माझ्या शेजारी बसले होते की हो! श्रीखंड वाढलं मी त्यांना!"

"मग हे कै. कुठून आलं?"

"वरच्या अकरा पिढ्या कै., कै., कै. हात ओघात होता, बाईसाहेब. श्री लिहायचं राहिलं." म्हातारा ओक्साबोक्शी रडू लागला. "हात झडो माझा! त्या बोरूचं लिहिलेलं पुसत नाही, आणि राज्याला तेच खरं दिसतं."

"मोर्तब कुणी केलं?"

"महाराजांनीच. न वाचता. नेहमीसारखं."

दुसऱ्या दिवशी ती काचघर घेऊन खजिन्याच्या दाराशी गेली. बोरू आत होता, आणि दार राजाविना कुणाला उघडत नसे. दाराखाली मुंगीएवढी फट होती. तिनं काचघर फटीला लावलं, वरून काळं फडकं टाकलं आणि बसली. बोरूची शाई मधात खललेली होती, मुंग्यांना वास लागला. उन्हं चढली, कलली. फडकं उचलून बघावंसं तिला शंभरदा वाटलं. तिनं उचललं नाही. दिवे लागायच्या आत मुंग्यांनी काडीएवढा बोरू ओढत बाहेर आणला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती शिळेवर गेली. तिथं बाप नव्हता, प्रेत होतं. वास तोच, मरणाचा. तिनं पंतांकडून आणलेली वंशावळ प्रेताच्या मांडीवर पसरली, थंड बोटांत बोरू दिला आणि समोर बसली. बोरू घ्यावा आणि आपणच श्री लिहून मोकळं व्हावं, असं तिला फार वाटलं. पण त्या मुंगीला दुसऱ्या कुणी पुसलं नव्हतं.

"आबासाहेब, एकदा वाचा," ती म्हणाली. "एवढं एकदा तरी वाचा."

पलीकडे वर्षश्राद्धाचे चौघडे वाजू लागले. टिळ्याचं ताट निघालं. आणि बोरू हलला. पुसता तर काही येत नव्हतं. बोरूनं कै. पुढच्या टिंबाला उभा दंड दिला, टिंबाचा व झाला. वला काना दिला. पुढं री लिहिली.

कैवारी धैर्यकेतू महाराज.

वास गेला. शिळेवर दाढी वाढलेला, उन्हानं रापलेला तिचा बाप बसला होता.

मंजिष्ठेनं त्याचे पाय धरले. "आबासाहेब, तिसऱ्या खेपेला खांदा मीही दिला होता."

"ठाऊक आहे. तुझा खांदा ठेंगणा. एक बाजू खाली होती, तेव्हाच ओळखलं."

"मग परत का नाही आलात?"

"आलो असतो, तर पुन्हा तुलाच उचलावं लागलं असतं, पोरी."

मग ती रडली. इतकी रडली, की कावळ्यानंही मान फिरवली.

टिळ्याचं ताट अर्ध्या वाटेवरून मागं फिरलं. नरसोपंतांना राजानं शिक्षा केली नाही, शेजारी बसवून पुन्हा श्रीखंड वाढलं. त्या दिवसापासून तो ओळ न् ओळ वाचल्याविना मोर्तब करीना, मग दरबार ताटकळला तरी ताटकळू दे. मंजिष्ठेनं आचार्यांना वही दाखवली आणि मुंग्या, राणीसकट, जिथल्या होत्या तिथं सोडल्या. तुमच्या नावामागं कुणी घाईघाईत काही लिहून ठेवलं असेल, तर ते पुरं करायला बोरू तुमच्या हाती येवो. समोर बसायला एक माणूसही मिळो.