आंबूबायचा सावलीचा पट्टा

वैशाख वद्य पंचमी होती. सकाळपासून पश्चिमेचा वारा सुटला होता आणि डोळे उघडू देणार नाही इतकी वाळू उडत होती. वर्ष कोणतं ते पांढरवेळ गावात कोणी सांगत नाही. फार वर्षांपूर्वीचं, एवढंच सांगतात. पण तिथी आणि वारा सगळ्यांना पाठ आहे, कारण त्या दिवशी आंबूबायनं बांध उचलायला नकार दिला.

पांढरवेळ अगदी समुद्राच्या काठी. गाव आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूची एक लांबलचक टेकडी होती, आणि ती दर उन्हाळ्यात गावाकडे सरकायची. तिच्याशी भांडायचं कसं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून गावानं एक रीत पाडली होती. दर वैशाखात सगळ्यांनी मिळून वाळूकडचा बांध खणायचा, त्याची माती टोपल्यांनी आत आणायची आणि थोडं मागे सरून नवा बांध घालायचा. वाळूनं जेवढी जमीन खाल्ली तेवढी सोडून द्यायची. आजे-पणजे हेच करत आले होते.

आंबूबायचं शेत बांधाच्या टोकाला, सगळ्यांत शेवटचं. तिचा नवरा चांगो आदल्या पावसाळ्यात तापानं गेला होता. दोघं मिळून उचलायचे ती माती आता ती एकटी उचलत होती. दर वर्षी तीच माती. असं म्हणतात की त्या बांधातला एकूण एक दगड तिला ओळखत होता. त्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तेव्हा तिनं टोपली उपडी घातली आणि तिच्यावर बसली.

"ऊठ गो वयनी," गावाचा म्होरक्या नागो पाटील म्हणाला. "कडेचं तेवढं राहिलंय."

"मला आता उचलवत नाही, भावोजी."

"दमली असशील तर उद्या उचल."

"उद्याचं नाही बोलत. पुढल्या वर्षाचं बोलतेय. त्याच्या पुढल्याचं."

पुढे लोकांनी तिला शूर ठरवलं. पण ज्यांनी तिला डोळ्यांनी पाहिलं होतं ते सांगत, शूर वगैरे काही नव्हती, थकली होती.

त्याच आठवड्यात एक गलबत पाणी भरायला खाडीत शिरलं. त्यावरच्या म्हाताऱ्या तांडेलाला आंबूबायनं विहिरीवर पाणी शेंदून दिलं. त्यानं वाळूची टेकडी पाहिली, तिचा चेहरा पाहिला आणि कमरेच्या पिशवीतून मूठभर बी काढून तिच्या पदरात टाकलं.

"ह्याला सुरू म्हणतात, बाय. उत्तरेच्या डोंगरात चीड होतो ना, दिसायला तसाच. पानांच्या जागी सुया. पण हा वाळूत जगतो, खारं सोसतो. पहिले तीन उन्हाळे मात्र त्याला गोडं पाणी पाजावं लागतं. तेवढं पाजलंस की पुढे तो तुझ्याकडे काही मागणार नाही."

पांढरवेळच्या माणसांना झाडाला पाणी घालायची सवयच नव्हती. त्यांचं पीक म्हणजे पावसाळ्यात भात आणि भात कापल्यावर वाल. वालाला माणूस तीनदाच लागतो, पेरायला, राखायला आणि खायला. कार्तिकात ओल्या जमिनीत दाणे टाकायचे आणि घरी यायचं. मग जमिनीतली उरलेली ओल आणि पहाटेचं दव यांवरच तो वाढतो. पौषात ओल्या शेंगा मडक्यात घालून भाजाव्यात. फाल्गुनात सुके दाणे कणगीत भरावेत. ते भिजवून, मोड आणून वर्षभर बिरडं करावं. पाला गुरांना घालावा. असं गुणी पीक सोडून ही बाई बांधाच्या कडेनं सुरूचं बी लावून रोज विहिरीवरून कळश्या वाहून वाळूत ओतू लागली तेव्हा गावाला हसू आवरेना.

"वालाला कधी घोटभर पाजलंस का गो?" विहिरीवरच्या बायका विचारायच्या. "ह्या काड्या काय तुझे जावई लागतात?"

"जावई असते तर उठून स्वतः प्याले असते."

"आणि मोठे होऊन देणार काय?"

"वारा अडवतील."

"मग काय, वाऱ्याचं बिरडं कर!"

ती कळशी उचलून चालू लागे. तिला उत्तरापेक्षा कळशीचं ओझं जास्त होतं. पहिल्या उन्हाळ्यात निम्मी रोपं करपली. त्यांच्या जागी तिनं दुसरी लावली. दुसऱ्या उन्हाळ्यात तिच्या कमरेत उसण भरली आणि ती कायमची एका बाजूला वाकली. असं म्हणतात की तिसऱ्या उन्हाळ्यात ती चालता चालता झोपायची आणि तरी कळशीतलं पाणी सांडायचं नाही. ह्या सगळ्या काळात तिला जगवलं ते वालानंच, कारण त्याच्याकडे बघायला तिला वेळच नव्हता आणि तो तसाच येत होता.

मग सुरू वाढला. बांधाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवी भिंत उभी राहिली. वाळू यायची, झाडांच्या पायाशी साठायची आणि तिथेच बसायची. पहिल्यांदाच एक वैशाख असा आला की बांध मागे घ्यावा लागला नाही. मग दुसरा आला. गळलेल्या सुया चुलीत भरभर पेटत, वाळलेल्या फांद्यांची कुंपणं होत, वादळात पडलेल्या खोडाचे घराला वासे होत. हसणाऱ्या बायका सुया गोळा करायला सगळ्यांच्या आधी येऊ लागल्या. जी पोरं त्या वर्षांत जन्मली त्यांना बांध उचलतात कसा हेच ठाऊक नव्हतं.

पण एक गोष्ट वाईट झाली. झाडांच्या लगतच्या पट्ट्यात वाल येईनासा झाला. तिसऱ्या प्रहरापासून तिथे सावली पडायची, सुयांचा थर साचायचा आणि मुळं जमिनीतली ओल ओढून घ्यायची. तो पट्टा सगळ्यांच्याच शेतांतून जात होता. आंबूबायच्या, नागोच्या, सगळ्यांच्या. एवढं कोणी मनावर घेतलं नव्हतं. आणि मग एका वर्षी दवच पडलं नाही. मार्गशीर्ष कोरडा गेला, पौष कोरडा गेला, आणि गावभरचा वाल उभ्या उभ्या पिवळा पडला.

नागो पाटील एका पहाटे बांधावर गेला आणि परत आला तो घाईघाईनं.

"शेतात थेंब नाही," तो जमलेल्या लोकांना म्हणाला. "आणि सुरूच्या प्रत्येक सुईच्या टोकाला थेंब आहे. जाऊन बघा. तो थेंब कोणाचा? समुद्रावरून दव येतं ते आपल्या वालासाठी, आणि ही झाडं उंच हात करून ते वरच्या वर पिऊन टाकतात."

लोकांनी जाऊन पाहिलं. खरंच सुयांच्या टोकांना थेंब होते. दवावर जगणाऱ्या गावाला ह्याहून मोठा पुरावा नको होता. त्याच सकाळी सगळे कुऱ्हाडी घेऊन निघाले.

आंबूबाय पहिल्या झाडाला टेकून बसली होती. ती आडवी गेली नाही, रडली नाही. म्हणाली, "दव कोण पितं ते मला माहीत नाही, भावोजी. तोडा. फक्त येत्या वैशाखात टोपल्या कोण उचलणार तेवढं आता ठरवून घ्या. मी नाही."

म्हाताऱ्यांचे हात आपोआप कमरेवर गेले.

"आणि पोटाचं काय?" नागोनं विचारलं. "झाडं राखून वाल घालवायचा?"

"पट्टा तुमचा आहे म्हणून तुम्हाला सलतो. तो मला द्या. सगळ्यांच्या शेतांतला, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्याच्या बदल्यात माझं उरलेलं शेत घ्या नि वाटून टाका. दव पडो न पडो, सावलीतलं नुकसान माझं."

"वयनी, त्या पट्ट्यात काही येत नाही."

"इतकी वर्षं बघतेय मी. मला सांगतोस?"

नागोनं कुऱ्हाड खाली ठेवली. त्यानं शेत घेतलं, हेही गावात लपवत नाहीत. सगळ्यांनीच घेतलं. पुढच्या हिवाळ्यात दव पूर्वीसारखं पडू लागलं आणि झाडं तशीच उभी होती. नागो तिला सांगायला गेला, "दव पडलं गो." ती "बरं झालं" म्हणाली आणि कुशीवर वळली. शेत परत घे, असं तो म्हणाला की नाही ह्याबद्दल दोन मतं आहेत. तिनं परत घेतलं नाही ह्याबद्दल नाही.

ती त्या पट्ट्यात वाल पेरत राहिली. पहाटे झाडांखाली जुनं लुगडं पसरायची, फांद्या हलवायची आणि भिजलेलं लुगडं वेलांच्या मुळांशी पिळायची. असं म्हणतात की त्या एका लुगड्यातून घागरी भरत. असंही म्हणतात की एका वर्षी वालाचा वेल उन्हाच्या ओढीनं सुरूवर चढत चढत पार शेंड्याला गेला आणि त्याच्या शेंगा खाडीतल्या होड्यांवरून दिसत. पण खरं तर तिचं भागत नव्हतं. नागोची बायको रोज एक ओंजळ वाल तिच्या उंबऱ्यावर ठेवून जायची. तिचं पाहून दुसरीही ठेवू लागली, मग तिसरी. आंबूबाय ते घ्यायची. नको म्हणायलाही अंगात बळ लागतं, असं ती म्हणायची.

ती गेली ती माघातल्या एका पहाटे, त्याच झाडांखाली, अंगाखाली लुगडं पसरलेलं. आभाळ निरभ्र होतं, वारा नव्हता. असं म्हणतात की त्या क्षणी सगळ्या सुरूंनी आपलं दव एकदम सोडलं. गावातल्या घराघरांच्या पागोळ्या गळू लागल्या आणि पाऊस आला समजून लोक वाळत घातलेला वाल उचलायला अंगणात धावले. अंगण कोरडं नव्हतं, पण आभाळात ढगही नव्हता. मग सगळे बांधाकडे निघाले.

पांढरवेळमध्ये आजही तो पट्टा कोणाच्या नावावर नाही. त्याला आंबूबायचा पट्टा म्हणतात. दर कार्तिकात गाव बसून एका घराला त्याची पाळी देतं. ज्याची पाळी त्यानं त्या वर्षी आपलं शेत इतरांना कसायला द्यायचं आणि सावलीत वाल पेरायचा. पहाटे त्या घरातल्या कोणीतरी लुगडं पसरून पिळायचं. बाकी प्रत्येक घरानं रोज एक ओंजळ वाल त्याच्या उंबऱ्यावर ठेवायचा, आणि त्यानं तो नको म्हणायचा नाही. वैशाख वद्य पंचमीला नवी सुरूची रोपं लावतात, आणि त्या दिवशी विहिरीची पहिली कळशी माणसांना मिळत नाही.

गेल्या वर्षी पाळी नागो पाटलाच्या वंशजांकडे होती. त्यांनी पट्ट्यात चार शेर वाल पेरला. फाल्गुनात झोडपून, पाखडून मोजला तेव्हा तीन शेर भरला.