घाईने परत केलेले पान

एका तालुक्याच्या गावात एक छोटासा कारखाना होता. मैदानावर लावायचे मोठमोठे पडदे तिथे तयार होत. कबड्डीचा सामना असो की कुस्तीचा फड, खेळाडूंची चित्रे आणि गुण त्या पडद्यांवर झळकत.

त्या कारखान्यात सुलक्षणा नावाची एक हुशार तरुणी कामाला होती. संगणकातले चित्र पडद्यापर्यंत पोचवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, ती लिहीत असे. संगणकाच्या मेमरीत पाने, म्हणजे माहिती लिहायच्या जागा, असतात. एकाच पानावर कॅमेऱ्याचा प्रोग्रॅम चित्र उतरवतो, गुणांचा प्रोग्रॅम आकडे लिहितो आणि ड्रायव्हर ते वाचून पडद्यावर दाखवतो. पान असे सामाईक, म्हणून कारखान्यात एक नियम होता. पान वापरायला घेणाऱ्याने त्यावर आपली खूण करायची. काम झाले की ती पुसायची. शेवटची खूण पुसली गेली, तरच पान संगणकाला परत द्यायचे. मग ते दुसऱ्या कुणाला मिळे.

सुलक्षणेला वेगाची भारी हौस. खुणा तपासण्यात वेळ फुकट जातो, असे तिला वाटले. तिने तेवढ्या ओळी काढून टाकल्या. आता ड्रायव्हरचे वाचून झाले रे झाले, की पान परत! पडदा विजेसारखा चालू लागला. मालक बाबगोंडा अण्णांनी तिची पाठ थोपटली.

गुणांचा प्रोग्रॅम पिराजीकाका लिहीत. त्यांनी हळूच विचारले, "पोरी, पान परत देताना बघतेस ना, आमचं लिहून झालंय का ते?"

"काका, एकेकाची वाट बघत बसले तर पडदा हलायचा कधी?"

काका आपल्या कामाकडे वळले.

कारखान्यातल्या संगणकात पाने मुबलक होती, परत दिलेले पान लगेच दुसऱ्याला जात नसे, म्हणून कधी काही बिघडले नाही. मग मुलींच्या कबड्डीचा अंतिम सामना आला आणि कारखान्याचा पडदा मैदानावर लागला. त्या दुपारी कॅमेरे चार, जाहिराती दहा, आणि पानांना एकदम मागणी. जांभूळवाडी आणि सोनतळी, दोन्ही संघांचे गुण सत्तावीस. शेवटची काही मिनिटे उरली होती. सोनतळीची मुलगी चढाईला निघाली आणि पडद्यावर तिच्या धडावर मसाल्याची पुडी उगवली! गुणांच्या जागी लाल मिरच्या नाचू लागल्या. पुडीवर किमतीच्या जागी मात्र दोन्ही सत्तावीस जोडून ठळक आकडा होता, दोन हजार सातशे सत्तावीस.

"चषक मसाल्याला देऊन टाका!" कोणीतरी ओरडले. मैदान हसून लोटपोट झाले. पण गुण दिसेनासे झाल्याने दोन्ही संघ पंचांशी भांडायला धावले, आणि सामना थांबला.

अण्णांचा चेहरा मसाल्याहून लाल झाला. "पिराजी, आकडे तुझे! अख्ख्या तालुक्यासमोर माझं नाक कापलंस. उद्यापासून कामावर येऊ नकोस."

काका गोंधळून आपल्याच ओळी वर-खाली पाहू लागले.

सुलक्षणेने मिरच्यांकडे पाहिले आणि तिला सारे उमगले. काकांचे लिहून व्हायच्या आतच तिच्या ड्रायव्हरने पान परत दिले होते. तेच पान जाहिरातीला मिळाले होते. काका बिचारे आपले समजून दुसऱ्याच्या पानावर लिहीत होते. हे तिच्याशिवाय कुणालाच कळले नव्हते. ती गप्प राहिली असती, तर कधी कळलेही नसते.

ती अण्णांच्या समोर जाऊन उभी राहिली. "अण्णा, काकांची चूक नाही. माझी आहे. त्यांनी मला आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

अण्णांनी पडद्याकडे बोट दाखवले. मग म्हणाले, "नीट करता येईल?"

"येईल. काका जवळ बसले तर."

पंचांच्या कागदावर खरे गुण होते, त्यामुळे भांडण मिटले. वीस मिनिटांची विश्रांती जाहीर झाली. सुलक्षणा इतकी घाबरली होती, की तिने आता एकही पान परत न देण्याची व्यवस्था केली. चालवून पाहिले, तर मेमरी भरली आणि पडद्यावरची मुलगी एक पाय हवेत धरून लटकून राहिली.

काका खुदकन हसले. "अगं, हिसकावू नये, तसं दडपूनही बसू नये. आपली खूण तेवढी पुसावी, दुसऱ्याची राहू द्यावी."

तिने जुन्या ओळी एकेक करून परत लिहिल्या. काकांनी त्या तपासल्या. सामना सुरू झाला, चित्रे चित्रांच्या जागी आणि गुण गुणांच्या जागी आले. शेवटच्या चढाईत सोनतळीने एका गुणाने बाजी मारली. अण्णांनी भर मैदानात काकांपुढे हात जोडले. "पिराजी, तोंडाला येईल ते बोललो. उद्या वेळेवर ये."

"काका, पडदा थोडा सावकाश झालाय हो," सुलक्षणा म्हणाली.

"कुणाच्या लक्षात आलं का ते बघ."

तिने मान वर केली. मैदानावर हलगी कडाडत होती. सोनतळीच्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या, आणि अख्खे गाव नाचत होते.

तात्पर्य: सामाईक वस्तू आपले काम झाले म्हणून काढून घेऊ नये आणि भीतीने अडवूनही ठेवू नये, आणि आपल्या घाईचा दोष दुसऱ्याच्या माथी जात असेल, तर पुढे होऊन तो आपला म्हणावा.