वैजू मनातलं सांगतो

एका गावात एक भोळा पोरगा होता. तो बारावी झाला, हेच मुळात गावाला नवल. नाव वैजनाथ, पण सगळे वैजू म्हणत. शहरातल्या कॉलेजात निघाला तेव्हा बाप म्हणाला, "पहिलं वर्ष निघालं नाही तर परत ये. म्हशी हायेतच."

वैजूला म्हशी नको होत्या. पण कॉलेजात पहिल्याच दिवशी सरांनी नाव विचारलं, तर तो घाबरून नुसता उभा राहिला. स्वतःचं नाव सांगता येईना. बिचाऱ्याची भीती अगदी खरी होती.

कॉलेजात मुळे मॅडम होत्या. घाबरलेल्या पोरांना धीर देणं हेच त्यांचं काम. त्या म्हणाल्या, "भीती वाटली की आहेस तिथं थांब, डोळे मीट, दहा लांब श्वास घे."

"बरं," वैजू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी रस्ता ओलांडताना समोरून बस आली. वैजूला भीती वाटली. तो थांबला, डोळे मिटले, श्वास घेऊ लागला. चौथ्या श्वासाला ड्रायव्हरनं खाली उतरून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"अरे, अंगावर काही आलं तर पळायचं!" मॅडम म्हणाल्या.

"बरं."

त्याच आठवड्यात मेसमध्ये वर्गातली रेवती ताट घेऊन त्याच्याकडे आली. हा रोज एकटाच जेवतो, म्हणून सोबत करायला. वैजू पळाला. हॉस्टेलच्या गच्चीवर सापडला.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "माणसांपासून पळायचं नाही रे! समोर बसायचं आणि मनात असेल ते सांगून टाकायचं."

"सगळं?"

"सगळं. मन हलकं होतं."

"बरं."

मग तोंडी परीक्षा आली. बाहेरगावचे परीक्षक आले. वर्गाला शिकवणाऱ्या खळदकर सरांनी त्यांना आधी जेवायला बसवलं आणि वाढायला वैजूला उभं केलं. जेवण उरकल्यावर पहिला नंबरही वैजूचाच.

परीक्षकांनी प्रश्न विचारला. वैजू दाराकडे बघू लागला.

"घाबरू नकोस. मनात असेल ते बोल," परीक्षक म्हणाले.

वैजू नीट सावरून बसला. "सर, माझ्या मनात असं आहे की तुम्ही प्रश्न विचारायलाच नको होता. खळदकर सर आम्हाला म्हणाले, अभ्यास झाला नसला तरी भिऊ नका. बासुंदीच्या दोन वाट्या पोटात गेल्या, की हा माणूस काही विचारत नाही. मी स्वतः वाढलीय सर. तुमच्या तीन झाल्या."

वैजूचं मन खरंच हलकं झालं.

त्या दिवशी बाकीच्या बारा पोरांची तोंडी अर्धा अर्धा तास चालली. शेवटी खळदकर सरांचीही झाली.