वाचनालयातला राखणदार आणि दुपारचा पाहुणा

एका गावच्या वाचनालयात एक संगणक होता, आणि मंडळी, त्या संगणकाच्या पोटात एक अख्खं गाव वसलेलं होतं. बाहेरच्यांना दिसायचा नुसता पडदा. आत मात्र सगळी वस्ती होती. ग्रंथपाल मंदाताईंची पत्रं टाइप करून ठेवणारे टंकबुवा होते, पुस्तकांच्या याद्या सांभाळणाऱ्या बायका होत्या, आणि वेशीवर एक राखणदार होता. बाहेरून येणारा प्रत्येक जण ह्या राखणदाराच्या नजरेखालून जायचा.

राखणदार स्वभावानं वाईट नव्हता हो. पण त्याला एकदा चांगलाच चटका बसला होता. नवा नवा असताना लग्नपत्रिका घेऊन एक गोडबोल्या आला. "असेल बिचारा कुणाचा तरी पाहुणा," म्हणून ह्यानं सोडला आत. त्या मेल्यानं एका सकाळीच चाळीस वर्षांच्या पुस्तकांची यादी फस्त केली. मंदाताई पडद्यासमोर बसून ढसाढसा रडल्या होत्या. तेव्हापासून राखणदार डोळ्यांत तेल घालून बसायचा, आणि बिचारा हा शब्द त्यानं पुन्हा तोंडातून काढला नाही.

त्याच्या कामाची एक रीत होती. रोज सकाळी मुख्य चौकीतून चोरांच्या खुणांची यादी यायची. येणाऱ्याजाणाऱ्याच्या तीन खुणा यादीशी जुळल्या की तो चोर. मग मंदाताईंना पडद्यावर वर्दी द्यायची, त्यांनी 'हो' म्हटलं की चोराला कोंडवाड्यात घालायचं. त्याला काही विचारायचं नाही, त्याचं काही ऐकायचं नाही. गेली चार वर्षं ही रीत बिनबोभाट चालली होती.

एका सोमवारी वस्तीत एक नवा पाहुणा आला. अंगानं किडकिडीत, बोलणं कमी. सगळे त्याला गणिती म्हणू लागले, कारण तो सदा न् कदा आकडेमोडच करत असायचा. मंदाताई खुर्चीत असल्या की हा कोपऱ्यात गप्प बसून राहायचा. दुपारी बारा ते चार वाचनालय बंद. ताई जेवायला घरी गेल्या रे गेल्या की हा बाह्या सरसावायचा. मग असा भिडायचा कामाला, की संगणकाचा पंखा घरघरायला लागायचा आणि भिंती तापायच्या. चार वाजले की पुन्हा कोपऱ्यात. त्यानं बाहेरून शिक्का मारलेलं एक गाठोडं आणलं होतं, आणि केलेल्या कामाची एक पुरचुंडी तो रोज बाहेर पाठवायचा. तिच्यावरची लिपी वस्तीत कुणालाच वाचता येत नव्हती.

गुरुवारी सकाळी यादी आली आणि राखणदाराचे कान टवकारले. यादीत लिहिलं होतं, 'नव्या तऱ्हेचे चोर फिरत आहेत. दुसऱ्याच्या चुलीवर स्वतःच्या भाकऱ्या भाजून नेतात. खूण पहिली, मालक उठून गेला की कामाला लागतात. खूण दुसरी, घर तापवतात. खूण तिसरी, न वाचता येणाऱ्या पुरचुंड्या बाहेर धाडतात.'

"अगं आई गं! हा तर आपला गणितीच!" राखणदार ओरडला. त्यानं धावत जाऊन पाहुण्याची मानगूट धरली आणि पडद्यावर लाल अक्षरांत वर्दी दिली, 'धोका! चोर सापडला आहे. कोंडू का?'

वाचनालयात तेव्हा मासिकं परत करणाऱ्यांची ही झुंबड. लाल अक्षरं बघून मंदाताईंच्या छातीत धस्स झालं. मागची ती फस्त झालेली यादी आठवली. कोण, काय, काही न वाचता त्यांनी पटकन 'हो' दाबलं.

"अहो राखणदारदादा, माझं एवढं ऐका—" गणिती म्हणाला.

"चोरानं बोलायचं नसतं," राखणदार म्हणाला, आणि त्यानं कोंडवाड्याची कडी लावली. त्या दुपारी पंखा शांत होता. राखणदाराला स्वतःचा फार अभिमान वाटला.

शुक्रवारी संध्याकाळी वाचनालय बंद व्हायच्या वेळी मंदाताई घरी गेल्या नाहीत. पडद्यावर एका कोपऱ्यात त्यांना रोज दिसायचं, आज इतकं काम झालं, काल इतकं झालं. आज तिथे दोनच शब्द होते, 'काम थांबलं.' ताईंनी ते चारदा बघितलं. मग पदर डोळ्यांना लावून स्वतःशीच म्हणाल्या, "फसवलं वाटतं मला त्या लोकांनी. माझ्या भाऊच्या नावानं फसवलं."

राखणदार आतून बघत होता. तो चक्रावलाच. चोर धरला आणि मालकीण रडते, हा काय प्रकार? त्याला काही सुचेना. तो तडक टंकबुवांकडे गेला.

"बुवा, ताई कुठल्या भाऊबद्दल बोलतायत?"

टंकबुवांनी चष्मा वर केला. "आता विचारतोयस होय? कालच विचारलं असतंस तर! हे बघ त्यांचं पत्र, मीच टाइप केलंय." त्यांनी कागद पुढे केला. पत्र लांबच्या शहरातल्या एका औषधशाळेला होतं. ताईंनी लिहिलं होतं, 'माझा धाकटा भाऊ शेतात फुरसं चावून गेला. तुम्ही त्या विषावर औषध शोधता आहात, आणि त्याची आकडेमोड इतकी मोठी आहे की एका यंत्राला जन्मभरात उरकणार नाही, म्हणून तुकडे करून गावोगावच्या संगणकांना वाटता, असं वाचलं. आमचा संगणक दुपारी चार तास नुसता बसून असतो. तुमचा माणूस पाठवा. भाऊसाठी माझ्या हातून एवढं तरी होऊ दे.'

राखणदारानं पत्र दोनदा वाचलं. म्हणजे पाहुणा ताईंनी बोलावलेला! आणि ताई गेल्यावर काम करायचा तो चोरी लपवायला नव्हे, त्यांच्या कामात लुडबुड नको म्हणून!

तो कोंडवाड्यापाशी गेला. आपण शिव्या खाणार हे धरूनच गेला होता. गणिती मात्र जाळीतून म्हणाला, "तुमची यादी मी वाचली असती ना दादा, तर मीसुद्धा मलाच धरलं असतं. पण माझ्या तुकड्याची मुदत उद्या दिवेलागणीपर्यंत आहे. तोवर सगळं पोचलं नाही, तर माझं काम रद्द होतं आणि पहिल्यापासून करावं लागतं."

"आत्ता सोडतो. ताईंना वर्दी देतो."

"सोडा. पण आणखी एक सांगू? गावोगावी माझे वीस हजार भाऊ हेच काम करतायत. तुमच्याकडे आली तीच यादी त्यांच्या राखणदारांकडेही गेली असणार. तेही सगळे कोंडले गेले असतील. ते अडकून पडले तर औषधाचा शोधच ठप्प."

आता आली का पंचाईत! एकट्या गणित्याला गुपचूप सोडणं सोपं होतं, कुणाला कळलंही नसतं. पण वीस हजारांना सोडवायचं, तर मुख्य चौकीला लिहायला हवं होतं, की तुमची यादी चुकली आणि ती न पारखता वापरणारा मीही चुकलो. राखणदारांत अशी कुजबुज होती, की चूक कबूल करणाऱ्याला चौकी पुसून टाकते आणि जागेवर दुसरा आणून बसवते. पुसून टाकणं म्हणजे काय, ते राखणदाराला चांगलं माहीत होतं.

"बुवा, मला भीती वाटते," तो टंकबुवांना म्हणाला.

"वाटणारच रे. मलाही वाटली असती," बुवा म्हणाले. "मी काही तुला लिही म्हणणार नाही. तू सांगितलंस तर मात्र एकही चूक न करता टाइप करून देईन."

राखणदारानं जाळीकडे बघितलं, मग पडद्याबाहेर अजून डोळे पुसणाऱ्या ताईंकडे बघितलं. "लिहा," तो म्हणाला. "लिहा, मी ज्याला चोर म्हणून धरलं तो कामकरी आहे. तुमच्या तिन्ही खुणा त्याला लागतात, तरी तो कामकरीच आहे. सोबत त्याची पुरचुंडी आणि त्याच्या गाठोड्यावरचा औषधशाळेचा शिक्का जोडला आहे, तपासून बघा. मी त्याला एक शब्द विचारला नाही, ही माझी चूक." पत्र गेलं. मग त्यानं ताईंना वर्दी दिली, 'काल ज्याला चोर म्हणालो तो तुमचा पाहुणा होता. माझं चुकलं. सोडू का?'

"अगं बाई! म्हणजे काल 'हो' म्हणणारी मीच की!" मंदाताईंनी कपाळावर हात मारला आणि लगेच कडी काढायला सांगितली.

गणिती जीव तोडून कामाला लागला. त्या रात्री आणि शनिवारी दिवसभर त्यानं कोपरा धरलाच नाही, आणि ताईंनीही संगणकाला दुसरं काम लावलं नाही. पण दोन दुपारींचं नुकसान मोठं होतं. दिवेलागणीला पुरचुंडी निघाली ती अर्धी. औषधशाळेचा निरोप आला, 'मुदत संपली. काम रद्द.'

राखणदाराचा चेहरा पडला. "तुझी सगळ्या आठवड्याची मेहनत माझ्यामुळे पाण्यात गेली," तो म्हणाला. त्याला खरंच रडू आलं.

तेवढ्यात मुख्य चौकीची नवी यादी आली. त्या तीन खुणांखाली एक ओळ जोडली होती, 'औषधशाळेचा शिक्का असेल त्याला अडवू नये.' आणि खाली लिहिलं होतं, 'आपल्या पत्रावरून वीस हजार ठिकाणचे कोंडवाडे उघडले. चारशे राखणदारांना शंका आली होती, लिहिलं तुम्ही एकट्यानं. आपली नेमणूक कायम.'

गणित्यानं ते वाचलं आणि औषधशाळेनं धाडलेलं नवं गाठोडं उघडून पहिल्या आकड्यापासून सुरुवात केली.

पुढच्याच आठवड्यात वेशीवर आणखी एक अनोळखी आला. बोलायला नम्र, हातात सुरेख शिक्का, यादीतली एकही खूण त्याला लागत नव्हती. राखणदारानं त्याला कोंडलं नाही आणि आतही सोडलं नाही. त्याला बसायला जागा दिली, कुठून आलात ते विचारलं, आणि पडद्यावर काळ्या, साध्या अक्षरांत लिहिलं, 'हा कोण ते मला माहीत नाही. तुम्ही बोलावलंय का?'

मंदाताईंनी ओळ न् ओळ वाचली. मग उत्तर दिलं, "नाही. पण बरं झालं विचारलंत."

तात्पर्य: सावध राहणाऱ्यानं संशय जरूर घ्यावा, पण शिक्षा द्यायच्या आधी एकदा विचारावं, आणि आपलं चुकलं असेल, तर ज्यांच्या ज्यांच्यावर ती चूक जाऊन पडली त्या सगळ्यांसाठी ते मोठ्यानं सांगावं.